वाकळीच्या आडोशाला: परभणीतल्या एका पहिल्या ध्वनिसंचाची गोष्ट

(दृश्य: पत्र्याची खोली. भिंतीवर टांगलेली वाकळ. टेबलावर लॅपटॉप, हेडफोन, बाजूला बंद कूलर.)

परभणी शहरातल्या या खोलीवर पत्रे आहेत आणि चैत्र-वैशाखात ती दुपारभर भट्टीसारखी तापते. भिंतीवरची वाकळ शोभेसाठी टांगलेली नाही. जुन्या लुगड्यांचे थरावर थर घालून शिवलेली ही वाकळ भिंतीवर आपटून परत फिरणारा आवाज शोषून घेते. मोठ्या शहरांतल्या स्टुडिओत ज्या कामासाठी महागडा फोम लावतात, ते काम येथे आजीच्या हातच्या टाक्यांनी केले आहे. ध्वनिमुद्रण चालू असताना कूलर बंद ठेवावा लागतो, कारण त्याची घरघर मायक्रोफोन सोडत नाही. म्हणून या खोलीतले बहुतेक काम रात्री बारानंतर, गल्ली निजल्यावर आणि वीज असेल तेव्हा झालेले आहे.

येथे बसून एका तरुणाने इलेक्ट्रॉनिक संगीताच्या चार रचनांचा आपला पहिला संच तयार केला आणि गेल्या दिवाळीनंतर तो इंटरनेटवर प्रसिद्ध केला. त्याचे नाव आम्ही या निवेदनात घेत नाही, कारण पुढचा संच लोकांनी कोऱ्या कानांनी ऐकावा अशी त्याची इच्छा आहे आणि ती आम्हाला रास्त वाटते. या पहिल्या संचात काय जमले आणि काय हातून निसटले, हे मात्र सविस्तर सांगितले पाहिजे, कारण मराठवाड्यात अशा कामाकडे कोणी इतके जवळून पाहत नाही.

(दृश्य: लग्नाची वरात. पिकअपवर रचलेल्या स्पीकरच्या भिंती.)

आपल्याकडे इलेक्ट्रॉनिक संगीत म्हटले की हेच चित्र डोळ्यांसमोर येते. वरातीतला डीजे, चालू सिनेगीताला किंवा भीमगीताला जोडलेला धडधडता ठेका आणि छातीत घुमणारा बेस. ही कला कमी दर्जाची आहे असे आम्ही मुळीच म्हणणार नाही; या तरुणाचे कान तयार झाले तेही याच वरातींत. परंतु यंत्राच्या साहाय्याने स्वतःचा नवा नाद घडवणे ही वेगळी वाट आहे आणि भारतात ती वाट बरीच जुनी आहे. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये अमेरिकी संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझरसह, म्हणजे विजेवर नाद घडवणाऱ्या यंत्रासह, स्टुडिओ उभारला होता. पुढे मुंबईत, चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलँड कंपनीची तीन यंत्रे जोडली आणि डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजवून त्यांची एक ध्वनिमुद्रिका काढली. त्यांतले टीबी-३०३ हे छोटे यंत्र मुळात एकट्या वादकाला बेसची साथ मिळावी म्हणून बनवलेले होते, आणि कंपनीने काही वर्षांतच त्याचे उत्पादन थांबवले. त्याच यंत्राच्या चिरक्या, वळणाऱ्या आवाजावर १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात शिकागोमध्ये अ‍ॅसिड हाउस नावाचा नृत्यसंगीताचा प्रकार उभा राहिला. चरणजित सिंग यांच्या ध्वनिमुद्रिकेकडे त्या वेळी फारसे कोणी लक्ष दिले नाही. २०१० मध्ये ती नव्याने निघाली तेव्हा परदेशातल्या जाणकारांनी ती हातोहात उचलली. या खोलीतल्या तरुणाने ही हकिगत आम्हाला दोनदा सांगितली, आणि दोन्ही वेळा १९८२ या वर्षावर त्याचा आवाज थोडा वर गेला.

(दृश्य: वालूरची बारव. वळत खाली उतरणाऱ्या पायऱ्या. हातात मायक्रोफोन घेऊन उतरणारा तरुण.)

पहिली रचना येथली. हे सेलू तालुक्यातले वालूर गाव आणि ही तिथली चक्राकार बारव. मराठवाड्यात बारवांची कमतरता नाही, परंतु पायऱ्या अशा गोल फिरत पाण्यापर्यंत उतरणारी बारव विरळाच पाहायला मिळते. गाळाने आणि कचऱ्याने भरलेली ही बारव गावकऱ्यांनी एकत्र येऊन मोकळी केली, म्हणूनच आज तिच्यात उतरता येते आणि तिचा आवाजही ऐकता येतो.

त्याच्या हातात आता जो फुगा दिसतो आहे, तो खेळण्यासाठी आणलेला नाही. मधोमध उभे राहून तो फुगा फोडतो. फटकन एकच आवाज होतो आणि त्यानंतर बारवेच्या गोल भिंती तो आवाज आपापसांत फिरवत राहतात, हळूहळू विरवत नेतात. ती विरत जाणारी शेपटी त्याला हवी आहे. ती मुद्रित करून संगणकाला दिली की संगणक त्या जागेचा घुमारा ओळखतो, आणि मग खोलीत वाजवलेला कोणताही सूर त्या बारवेत वाजल्यासारखा ऐकू येतो. या पद्धतीला कन्व्होल्यूशन रिव्हर्ब म्हणतात आणि जगभरच्या नामांकित सभागृहांचे घुमारे अशाच रीतीने नोंदवलेले मिळतात. आमच्या बारवांचे घुमारे मात्र त्या संग्रहांत ऐकायला मिळत नाहीत. ते जमवण्यासाठी कोणीतरी फुग्यांचे पाकीट घेऊन गावोगाव हिंडले पाहिजे, आणि हा तरुण स्वतःच्या खर्चाने, एसटीने आणि मित्राच्या दुचाकीवरून, हे काम करतो आहे.

(येथे निवेदन थांबावे. फुगा फुटल्यापासून आवाज पूर्ण विरेपर्यंतचे चित्रण अखंड ठेवावे.)

(दृश्य: जिनिंगचा कारखाना. रांगेतली यंत्रे, उडणारी रुई.)

दुसरी रचना येथे जन्मली. दसरा-दिवाळीनंतर कापूस यायला लागला की परभणी, मानवत, सेलू या पट्ट्यातल्या जिनिंग दिवसरात्र चालतात. यंत्रातल्या चामडी रुळांना कापसाचे तंतू चिकटतात, पात्यांच्या धक्क्याने सरकी सुटून खाली पडते आणि रुई पलीकडे निघते. पुढे हीच रुई दाबून एकशे सत्तर किलोची गाठ बांधतात. कान देऊन ऐकले तर प्रत्येक यंत्राची खटखट स्वतःपुरती अगदी नियमित असते, परंतु शेजारच्या यंत्राशी ती तंतोतंत जुळत नाही. दोघांमधले अंतर घडीघडीला सरकते. रांगेच्या मधोमध उभे राहिले तर एक ठेका दुसऱ्यात शिरतो, पुढे जातो, मागे पडतो, आणि यंत्राकडे ज्यांचे लक्षही नाही अशा मजुरांच्या हालचालींत तो उतरलेला दिसतो. अशी सरकती लय घडवण्यासाठी संगीतकार वर्षानुवर्षे खटपट करतात, आणि आमच्याकडे ती दर हिवाळ्यात आपोआप वाजत असते.

(दृश्य: जात्यावर बसलेली आजी. पाळू, खुंटा, मुठीतले जोंधळ्याचे दाणे.)

तिसऱ्या रचनेसाठी तो आपल्या आजीकडे, गंगाखेड तालुक्यातल्या गावी गेला. गंगाखेड हे संत जनाबाईंचे जन्मस्थान मानले जाते, आणि दळिता कांडिता विठ्ठलाचे नाव घेणारी जनी या भागात अजूनही घरातल्या माणसासारखी बोलण्यात येते. आजीच्या घरी पीठ गिरणीतूनच येते. जाते आता हळदीच्या कार्यापुरते निघते. नातवासाठी तिने ते पुन्हा मांडले. मायक्रोफोन जमिनीपासून चार बोटांवर ठेवलेला आहे. जात्याच्या तोंडात मूठभर घास पडला की दगडाचा आवाज जड आणि दबका होतो, आणि घास संपत आला की तो कोरडा, खरखरीत होतो. ओवीची ओळ या बदलत्या आवाजावर बेतलेली असते. हात थकला की ओळ लांबते, खुंट्याला जोर दिला की ती आवरते. हे मुद्रण अडतीस मिनिटांचे आहे आणि आमच्या मते या संपूर्ण उपक्रमातली सर्वांत मोलाची गोष्ट तेच आहे.

(येथे निवेदन थांबावे. एक ओवी पूर्ण ऐकू द्यावी.)

चौथ्या रचनेत संबळ आहे. तुळजाभवानीचे कदमराई आणि माहूरच्या रेणुकेचे रेणुराई, अशा दोन्ही परंपरांच्या गोंधळ्यांचे हे वाद्य मराठवाड्यातल्या घराघरांतल्या लग्नानंतरच्या गोंधळात वाजते. कमरेला बांधलेली दोन भांडी, एक मोठे आणि एक लहान, दोन काठ्यांनी वाजवतात. गोंधळ रंगत जातो तशी लय नकळत चढते. ती नेमकी कोणत्या क्षणी चढली, हे वाजवणाऱ्यालाही सांगता येत नाही.

(दृश्य: लॅपटॉपचा पडदा. उभ्या रेषांच्या चौकटीत बसवलेले आवाजाचे तुकडे.)

आता हा पडदा पाहा, कारण या संचाचे दुखणे येथेच आहे. उभ्या रेषांना ग्रिड म्हणतात. मिनिटाला एकशे पंचवीस ठोके ठरवले की दर ०.४८ सेकंदाला एक रेषा येते, आणि एका कळीच्या दाबाने संगणक प्रत्येक आवाज ओढून जवळच्या रेषेवर नेऊन बसवतो. या तरुणाने ती कळ चारही रचनांमध्ये दाबली. संबळाची चढणारी लय त्यामुळे सपाट झाली. जिनिंगच्या रांगेतले एकच यंत्र उचलून त्याचा लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणारा तुकडा, केला गेला, आणि दोन यंत्रांमधले ते सरकते अंतर, जे ऐकण्यासाठी तो तिथे आठ रात्री उभा राहिला होता, रचनेत कोठेच उरले नाही. आजीच्या ओवीचे चार ठोक्यांत मावणारे तुकडे करण्यात आले. प्रसिद्ध झालेली रचना त्याने आजीला फोनवर ऐकवली तेव्हा तिने एवढेच विचारले की ओवीचा पुढचा चरण कुठे गेला. या संचावर झालेली सर्वांत नेमकी टीका हीच आहे, असे आम्ही मानतो.

रचनांचा घाटही बाहेरून आणलेला आहे. हळू सुरुवात, वाढत जाणारा ताण, क्षणभर शांतता आणि मग किकसह, म्हणजे ढोलाच्या जड ठोक्यासह, कोसळणारा ड्रॉप, हा क्रम चारही वेळा जवळजवळ त्याच मिनिटाला येतो. बेस हेडफोनवर तोलल्यामुळे मोठ्या स्पीकरवर तो गढूळ होतो, आणि साठ हर्ट्झच्या आसपासचा नाद फोनचे छोटे स्पीकर जवळपास ऐकवतच नाहीत. शेवटी आवाज जास्तीत जास्त मोठा करण्यासाठी सगळे इतके दाबले गेले आहे की घास पडल्यानंतरचे आणि घास संपल्यानंतरचे जाते सारख्याच जोराने वाजते. ऐकण्याच्या मोठ्या संकेतस्थळांवर आज बहुतेक गाण्यांची पातळी सारखी करूनच वाजवली जाते, त्यामुळे या दाबण्याने काहीच साधले नाही.

तरीही बारवेच्या रचनेची पहिली दीड मिनिटे ऐकावीत. तिथे किक नाही. संध्याकाळी ऊन उतरल्यावर खोलीचे पत्रे निवताना जे टिक्‌ टिक्‌ आवाज करतात, ते त्याने मुद्रित करून ठेवले होते. तेच आवाज येथे बारवेच्या घुमाऱ्यात सोडलेले आहेत, कोठेही रेषेवर न बसवता. त्यांच्याखाली एकच लांब सूर आहे. ही दीड मिनिटे ऐकताना मन ठिकाणावर येते, आणि हा मुलगा कान घेऊनच जन्माला आला आहे याबद्दल शंका राहत नाही. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असे आपण गमतीने म्हणत आलो. ही दीड मिनिटे मात्र बर्लिनमधल्या कोणत्याही जाणकारासमोर आम्ही निःसंकोच ठेवू.

संच ऐकणारे थोडेच निघाले, त्यांतले बहुतेक ओळखीचे होते, आणि सध्या हा तरुण लग्नसराईत ध्वनियंत्रणा लावण्याचे काम करून घर चालवतो.

(दृश्य: पुन्हा तीच खोली. रात्र. पडद्यावर उघडलेली जुनी फाइल.)

गेल्या महिन्यात त्याने चौथी रचना पुन्हा उघडली. संबळाचे मूळ मुद्रण, जसे वाजले तसे, त्याने वर ठेवले आहे आणि संगणकाच्या ठेक्याला त्याच्या मागे चालायला लावले आहे. म्हणजे संबळ चढला की यंत्रही चढते. हे काम किचकट आहे, कारण प्रत्येक ठोक्याची जागा हाताने नोंदवावी लागते, आणि सहा मिनिटांच्या वादनात असे शेकडो ठोके आहेत. पहाटेपर्यंत त्यांतली पहिली दोन मिनिटे नोंदवून झाली होती. आजीची अडतीस मिनिटांची फाइल त्याने वेगळ्या डिस्कवर काढून ठेवली असून तिला अजून हात लावलेला नाही.

(दृश्य: जिनिंगचे बंद फाटक. मालकाशी बोलणारा तरुण.)

जिनिंगच्या मालकांनी दसऱ्यानंतर हंगाम सुरू होताच रांगेच्या दोन्ही टोकांना एकेक मायक्रोफोन लावण्याची परवानगी दिली आहे. दुसरा मायक्रोफोन त्याच्याकडे नाही. तो आम्ही देत आहोत.