डॉक्टर काय म्हणाले?

नमस्कार मंडळी. मी डॉक्टर नाही. बेळगावात रविवार पेठेतल्या एका दुकानात तीस वर्षं हिशेब लिहिले. बैलहोंगल, सौंदत्तीकडची गिऱ्हाइकं यायची, त्यामुळं कानडी तोंडात बसलं. बायको चंदगड तालुक्यातली. आमच्या गावात सगळा व्यवहार मराठीत, म्हणून तिला ‘बर्री, कूडर्री’ म्हणजे ‘या, बसा’च्या पलीकडं कानडी येत नाही. तिला स्तनाचा कॅन्सर झाला आणि उपचार करणारे डॉक्टर गदगकडचे. तेव्हा तिचा दुभाषी मीच.

आपल्या सीमाभागात हे घरोघरी आहे. रिपोर्ट इंग्रजीत, डॉक्टर कानडीत, पेशंट मराठीत. पाटीवर मराठी हवी म्हणून आपण आयुष्यभर बोलत आलो. माझ्या बायकोच्या आजारातली मराठी मात्र मीच गाळली, ते आज सांगायचं आहे.

पहिल्या दिवशी डॉक्टर पाव तास बोलले. दर 21 दिवसांनी केमो. दोन-तीन आठवड्यांत केस जातील, ते औषधामुळं, पुन्हा येतील. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात, तेव्हा जंतूंशी लढायला अंगात ताकद नसते. ताप 100.4 किंवा त्याच्या वर गेला तर रात्र असो, पहाट असो, ‘तक्षण बर्री’, ताबडतोब या. हे त्यांनी दोनदा सांगितलं.

बाहेर आल्यावर मी तिला म्हणालो, “बरं होईल म्हणालेत.”

ती म्हणाली, “एवढा वेळ बोलालेत ते, आणि तुम्ही एवढंच सांगालाय?”

“बाकीचं औषधांचं होतं,” म्हणालो.

मला वाटलं, मी तिला जपतोय.

सतरा-अठरा दिवसांनी सकाळी ती मोरीत बसून राहिली. फणी खाली पडलेली, पदरात केसांचा पुंजका धरलेला, ओला. माझ्याकडं न बघता म्हणाली, “रोग डोक्यात चढला काय हो?” जे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, त्याची भीती तिनं एकटीनं भोगली. तो प्रश्न मला अजून ऐकू येतो.

आणि लपवणं एका बाजूनं थांबत नाही, मंडळी. नवरा लपवतो म्हणजे या घरात आता लपवायचंच, असं तीही समजली. दुसऱ्या केमोनंतर दहाव्या दिवशी तिला ताप आला. डब्यातली पॅरासिटामॉल घेतली आणि गप्प पडली. गोळीनं ताप उतरतो, पण आतलं इन्फेक्शन तसंच राहतं. पांढऱ्या पेशी नसताना कधीकधी ताप हीच एकटी खूण असते. तीच पुसली गेली. रात्री अंग थडथडायला लागलं तेव्हा मला कळलं. शेजाऱ्याच्या टेम्पोतून नेलं. आठ दिवस दवाखान्यात होती. वाचली. “तुम्हाला आणि घोर नको म्हणून बोलले नाही,” म्हणाली. तापाचं ते वाक्य मी तिला कधी सांगितलंच नव्हतं.

पैशांचंही तसंच. पतसंस्थेतलं कर्ज तिला पासबुकावरून कळलं. त्यावर बोलायला नको.

पण खाटेचं बोलतो, लाज वाटली तरी. ऑपरेशननंतर मी सोप्यात झोपायला लागलो. झोपेत हात लागून जखम दुखेल, एवढंच माझ्या मनात होतं. दोन महिन्यांनी तिनं विचारलं, “किळस येते काय?” कॅन्सर शिवल्यानं लागत नाही, हे दोघांनाही माहीत होतं. जखम कधीच भरली होती. फक्त कुणी कुणाला विचारलं नव्हतं. त्या रात्री मी अंथरूण आत आणलं.

पुढं आम्ही शंभर पानी वही केली. तिचे प्रश्न तिच्याच अक्षरात. डॉक्टरांना मी म्हणायचो, एक वाक्य बोलून थांबा, मी मराठीत सांगतो, मग पुढचं. ते थांबायचे. गर्दी असली तरी थांबायचे. कॅलेंडरवर सातवा ते चौदावा दिवस लाल पेननं गोल केलेले आणि थर्मामीटर त्याच खिळ्याला.

मघाशी एका ताईंनी विचारलं, पेशंटला सगळं ऐकायचंच नसेल तर? तर तिलाच विचारा, किती ऐकायचंय आणि कधी. माझ्या बायकोला सगळं हवं होतं, पण दिवसा. रात्री जेवण झालं की आजाराचा विषय बंद, हा तिचा नियम. मग आम्ही तिच्या माहेरच्या काजूंचं बोलायचो. यंदा मोहोर कसा आहे, भाऊ बिया कुणाला घालतोय, दर काय मिळाला. बोलता बोलता तिला झोप लागायची.