हेडलाइटपर्यंत पोचणारे व्होल्ट

घोडबंदर रस्ता, रात्रीचे अकरा. गायमुखजवळ एका बाजूला जंगल, दुसऱ्या बाजूला खाडी, आणि मधे गुजरातकडे निघालेल्या कंटेनरची रांग. पाऊस नुकताच थांबलाय. ओलं डांबर आरशासारखं वागतं. त्यावर पडलेला उजेड पुढेच निसटतो, बाइक चालवणाऱ्याच्या डोळ्यांकडे फारसा परतत नाही. म्हणून पावसाळ्यात नेहमीचाच दिवा अर्धा झाल्यासारखा वाटतो, आणि पाण्याने भरलेला खड्डा ओल्या रस्त्यात मिसळून जातो.

ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. खड्डा दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला, तर २५ मीटर तिथेच गेले. त्यानंतर गाडी थांबायला, तीही कोरड्या रस्त्यावर, आणखी वीसेक मीटर लागतात. एवढं अंतर डिपरवर, म्हणजे खाली झुकलेल्या उजेडातही, दिसायलाच हवं.

ठाण्यातल्या गॅरेजमध्ये हा विषय निघाला की दोन उपाय लगेच पुढे येतात: शंभर वॅटचा बल्ब किंवा पांढराशुभ्र एलईडी. हॅलोजन दिव्याच्या बऱ्याच लहान बाइकमध्ये ३५ वॅटचा एचएस१ प्रकारचा बल्ब असतो, मोठ्या बाइकमध्ये ६०/५५ वॅटचा (अप्परला, म्हणजे लांबच्या उजेडाला ६०, डिपरला ५५) एच४. गाडीची वीज तयार करणारी कॉइल आणि वायरिंग त्याच हिशेबाने केलेली असते. जास्त वॅटचा बल्ब लावला की होल्डर वितळतो, प्लॅस्टिकचा रिफ्लेक्टर काळवंडतो, बॅटरी उतरते.

एलईडीची अडचण वेगळी आहे. हॅलोजनचा रिफ्लेक्टर घडवलेला असतो तो बारीक फिलामेंटच्या नेमक्या जागेसाठी. स्वस्त एलईडीचे दाणे त्या जागी बसत नाहीत, त्यामुळे उजेड फुटतो. चाकापुढे लखलखाट होतो, लांबचा रस्ता काळाच राहतो, आणि समोरून येणारा क्षणभर आंधळा होतो. त्या क्षणात तोही सतरा मीटर पुढे आलेला असतो. असा दिवा लावणं म्हणजे आपली भीती दुसऱ्याच्या डोळ्यांत ओतणं आहे, आणि आम्ही त्याच्या ठाम विरोधात आहोत.

मग करायचं काय? आधी मल्टिमीटर घ्या. इंजिन चालू, दिवा चालू ठेवून बॅटरीवरचे व्होल्ट बघा, मग बल्बच्या पिनांवरचे. बॅटरीवर साडेतेरा आणि बल्बवर बारा निघाले, तर फरक दीड व्होल्टचाच दिसतो. पण हॅलोजनचा उजेड व्होल्टच्या कितीतरी पट वेगाने घसरतो. दीड व्होल्टमागे साधारण एक तृतीयांश उजेड गेला. तो बारीक वायरीत, वायरी जोडणाऱ्या गंजलेल्या कपलरमध्ये, हँडलवरच्या झिजलेल्या स्विचमध्ये मुरला.

इथे रिले, म्हणजे छोट्या इशाऱ्यावर मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच, कामाला येतो. बॅटरीपासून फ्यूज आणि रिलेमार्गे जाड वायर थेट बल्बपर्यंत न्यायची. हँडलचा स्विच आता फक्त रिलेला इशारा देतो, दिव्याचा भार त्याच्यावर येत नाही. अप्परला एक रिले, डिपरला एक. मूळ कपलरलाच बसणारी तयार वायरिंग मिळते. कंपनीची वायर कापू देऊ नका. बल्ब मात्र मूळ वॅटचाच, चांगल्या प्रतीचा. त्याच्या काचेला बोट लावायचं नाही, कारण हाताचं तेल तापून काच तडकू शकते. ज्या जुन्या गाडीत रेस कमी केली की दिवा मंदावतो, तिचा दिवा थेट मॅग्नेटच्या कॉइलवर चालतो. तिथे नुसता रिले चालणार नाही, आधी मिस्त्रीला दाखवा.

आणि शेवटी फोकस. याला पैसे लागत नाहीत, तरी बऱ्याच गाड्यांचा तो चुकलेला असतो. गाडी सपाट जागी भिंतीसमोर उभी करा, टायरमध्ये हवा बरोबर भरा आणि स्वतः सीटवर बसा. डिपरच्या उजेडाची वरची कड भिंतीवर दिव्याच्या उंचीपेक्षा थोडी खाली यायला हवी. मागे माणूस बसला की मागचं स्प्रिंग दबतं आणि दिव्याचं तोंड वर होतं. रोज बायकोला किंवा मुलाला घेऊन जात असाल, तर फोकस लावताना त्यांनाही मागे बसवा.