कॅनरी व्हार्फ ते रावेर

टाकीतलं हे पाणी दिसतंय ना, त्यात तुरटी आहे. घडाची फणी सुटली की देठातून चीक गळतो, तो सालीवर वाळला की काळा डाग, आणि डागाची केळी आखातातला व्यापारी हातात घेत नाही. म्हणून ह्या बाया सकाळपासून एकेक फणी पाण्यात सोडतायत, पुसतायत, वजन करून खोक्यात लावतायत. आणि तिकडं कोपऱ्यात, प्लास्टिकच्या खुर्चीत, चष्मा कपाळावर चढवून कागद चाळत बसलेत ते आबा.

आबा सावद्याकडचे. शिकायला मुंबई, तिथून लंडन, तिथं एका बँकेत ट्रेड फायनान्सला, म्हणजे आयात-निर्यातीच्या पैशांच्या कामाला, बरीच वर्षं. लंडनचं शूटिंग आपल्याकडं नाही, हे तीन फोटो आहेत फक्त. मागं दिसतंय ते कॅनरी व्हार्फ, तिथला बँकांचा भाग, 15 सप्टेंबर 2008 ला बुडालेल्या लेहमन बँकेची माणसं खोकी घेऊन बाहेर पडताना जगानं टीव्हीवर बघितली ते हेच. पुढं आबांच्या बँकेनंही माणसं कमी केली. आबा गावी आले.

आता हा कागद जवळून बघा. एलसी, म्हणजे लेटर ऑफ क्रेडिट. आपल्याकडं कसं, बऱ्हाणपूरला आज काय भाव निघाला ते फोनवर कळतं, माल कापला, ट्रक गेला, आणि पैसे व्यापारी देईल तेव्हा. एलसीत तिकडच्या व्यापाऱ्याची बँकच लिहून देते की ठरलेले कागद बरोबर आले की पैसे आम्ही देणार. पण गंमत अशी की बँक केळी बघतच नाही, ती फक्त कागद बघते! माल सोन्यासारखा असू द्या, बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे जहाजवाल्यांनी माल घेतल्याच्या पावतीवर, कंपनीच्या नावात एक अक्षर चुकलं की बसा बोंबलत. आबा ओळीवर बोट ठेवून वाचतात, पोरं हसतात मागं, पण मला विचाराल तर केळीच्या पट्ट्यात प्रत्येक गावात हे शिकवायला पाहिजे, खतं-औषधांच्या मेळाव्यांइतकंच.

डॉलरचंही तसंच. 2013 च्या ऑगस्टात रुपया 68 च्या पार गेला होता, तेव्हा निर्यातवाले खूश, पण तो उलटा फिरला तर नफा गेलाच ना. म्हणून सौदा झाला की आबा लगेच बँकेत फॉरवर्ड बुक करतात, दोन महिन्यांनी येणाऱ्या डॉलरचा भाव आजच बांधून टाकायचा. नंतर डॉलर चढला तर वरचे पैसे हुकतात, हुकू दे म्हणतात.

निर्यातीच्या पहिल्याच वर्षी आबांचा एक कंटेनर काळा पडला, केळीला 13-14 डिग्री लागतं, त्याखाली गेलं की साल काळवंडते, त्यात शेताचा एक तुकडा विकावा लागला.

हा आजचा कंटेनर. साधारण वीस टन माल, इथून थेट न्हावा शेवा बंदर. दार लागलं, सील बसलं. ड्रायव्हर म्हणतो निघू का, आबा म्हणतात थांब रे भाऊ, आणि सीलवरचा नंबर कागदाशी तिसऱ्यांदा ताडून बघतात.