पँथरांनी आणलेलं गरम जेवण

सॅन फ्रान्सिस्को, ५ एप्रिल १९७७. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या बिल्डिंगमध्ये शंभरावर अपंग माणसं शिरलीत आणि हलायचं नाव घेत नाहीत. कुणी व्हीलचेअरवर, कुणी अंध, कुणाला ऐकू येत नाही. मागणी एकच, कलम ५०४ च्या नियमांवर सही करा. कायदा १९७३ चा, केंद्राचा पैसा घेणाऱ्या शाळा, हॉस्पिटलं, संस्था कुणाला निव्वळ अपंग म्हणून परत पाठवू शकत नाहीत, नोकरीलासुद्धा. पण नियमच निघेनात, चार वर्षं फाईल पडून, आपल्याला काय नवीन आहे म्हणा.

या गर्दीत ब्रॅड लोमॅक्स होता. ब्लॅक पँथर म्हणजे कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारी संघटना, तिचा कार्यकर्ता, मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारामुळे व्हीलचेअरवर. शेजारच्या ऑकलंडमध्ये बसने जायचं तर भावाने त्याला उचलून सीटवर बसवायचं आणि मग परत खाली उतरून खुर्ची आणायची. आता असा माणूस रोज वेळेत ड्युटीवर पोचणार कसा, डोक्यात कितीही हुशारी असली तरी? सोबत चक जॅक्सन, तोही पँथर, लोमॅक्सचं सगळं तो बघायचा आणि आतल्या बाकीच्यांनाही हात द्यायचा.

आणि जेवण! पँथरवाले रोज ऑकलंडहून खाडी ओलांडून गरम जेवण घेऊन यायचे, काळे-गोरे सगळ्यांसाठी. (हो, तेच पँथर ज्यांच्यावरून १९७२ ला मुंबईत दलित पँथरने नाव घेतलं.) रिकाम्या पोटी तीन आठवड्यांवर कोण टिकणार होतं? २८ एप्रिलला सही झाली.

लोमॅक्स १९८४ ला गेला, ३३ वर्षांचा. खाजगी कंपन्यांनाही लागू होणारा कायदा आला १९९० ला, तो त्याने पाहिलाच नाही.

आणि आजचं काय? २०२३ मध्ये अमेरिकेत १०० अपंगांमागे साधारण २२-२३ जण कामावर होते, त्यात म्हातारी माणसंही धरलीत हे खरं, पण काम शोधूनही न मिळणाऱ्यांचं प्रमाण कृष्णवर्णीय अपंगांमध्ये गोऱ्या अपंगांपेक्षा जास्तच. वर १९३८ पासूनची एक सवलत, मालकाने परवाना काढला की अपंग कामगाराला किमान वेतनापेक्षाही कमी द्यायची, काही राज्यांनी बंद केली पण सगळ्यांनी नाही. आणि एसएसआय म्हणजे सरकारी भत्ता घेत असाल तर खात्यात २००० डॉलरच्या वर साठवायचे नाहीत, थोडे अपवाद सोडले तर, ही मर्यादा १९८९ पासून तशीच आहे, महागाई कुठल्या कुठे गेली. भत्त्याला बहुतेक ठिकाणी औषधपाण्याचा विमा जोडलेला, म्हणजे भत्ता गेला तर तोही जायची धास्ती. मग ओव्हरटाइम समोर असला तरी माणूस आधी पासबुक बघतो आणि नको म्हणतो.