निळा दिवा लावला की रात्र होत नाही!

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न येतोय. ‘ताई, शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’ नाटकातली रात्र कशी दाखवायची? आम्ही निळा टाकतो, पण जमत नाही.’ नाहीच जमणार!

आधी नेपथ्य, पटकन. पायऱ्या, दोन-तीन लेव्हल म्हणजे उंच-सखल चौथरे, एक दार. किल्ला बांधत बसू नका. काळा रंग मॅट घ्या, चकचकीत काळा उजेड परत फेकतो. नटांना मागच्या फ्लॅटपासून, म्हणजे नेपथ्याच्या खोट्या भिंतीपासून, पाच-सहा फूट पुढे ठेवा, नाहीतर सावल्या भिंतीवर चढतात. झालं.

आता निळा. अख्ख्या रंगमंचावर निळा ओतला की सुरुवातीला सगळे ‘वा, रात्र!’ म्हणतात. थोड्या वेळात डोळा सरावतो आणि निळं निळं वाटेनासं होतं. उरतो नुसता कमी उजेड, आणि मागच्या रांगांना नटाचे डोळेच दिसत नाहीत. ट्रॅजेडीत डोळे दिसले नाहीत तर बघायचं काय, पायऱ्या?

बरं, रक्ताचं काय? राजा डंकनला मारून मॅकबेथ येतो, हात माखलेले. एलईडीच्या शुद्ध निळ्यात लाल रंग काळा दिसतो, कारण त्यात लाल उजेडच नसतो. एका तालमीला माझ्या शेजारच्या बाईंनी हळूच विचारलं, ‘याच्या हाताला डांबर लागलंय का हो?’

एकांनी कमेंटमध्ये मला शिकवलंय, ‘चांदणं निळंच असतं.’ अहो, चंद्र सूर्याचाच उजेड परत पाठवतो. आणि संहिता वाचलीत का? खुनाच्या रात्री सरदार बँकोचा मुलगा फ्लीअन्स बापाला सांगतो, चंद्र मावळलाय. बँको म्हणतो, आभाळातल्या मेणबत्त्यासुद्धा विझल्यात. मग तुमचं चांदणं आलं कुठून?

शेक्सपिअरच्या काळी लंडनच्या ग्लोब थिएटरमध्ये तर खेळ दुपारी, उघड्या आभाळाखाली व्हायचे. तिथे रात्र हातातल्या ज्योतीवरून कळायची. बँकोवर हल्ला होतो, मशाल विझते, फ्लीअन्स निसटतो. लेडी मॅकबेथ झोपेत चालत येते तीसुद्धा मेणबत्ती घेऊनच.

तेव्हा हे करून बघा. विंगेतून, साधारण डोक्याच्या उंचीवरून, एकच स्पॉट. किंचित पिवळसर. समोरचे दिवे नावापुरते. चेहऱ्याची एक बाजू उजळते, दुसरी बुडते, पण डोळा दिसतो, रक्त लाल राहतं. निळा हवाच असेल तर मागून, खांद्यांच्या कडेपुरता. तेवढा चालेल, मी रागावणार नाही.

लेडी मॅकबेथची मेणबत्ती बॅटरीवरची घ्या. तिचा उजेड पुरत नाही, म्हणून नटीबरोबर सरकणारे मंद स्पॉट ठेवा, एकाचा उजेड उतरवत दुसऱ्याचा चढवायचा. आणि डिमरवर, म्हणजे दिव्यांचा उजेड कमी-जास्त करायला, बसणाऱ्याला शेवटच्या दिवशी बोलावू नका. नटीची चाल त्याला पाठ हवी. उजेड तिच्या आधी पुढे गेला, तर लोक हसतात.