घोडा गमावलेला नाइट

श्रोतेहो, नमस्कार.

नाइट, म्हणजे मध्ययुगीन युरोपातला घोडेस्वार योद्धा, म्हटलं की आपल्याला चकाकतं चिलखत दिसतं, त्याचा खर्च दिसत नाही. म्हणून आज विल्यम मार्शलची गोष्ट.

इंग्लंडमधल्या एका बेताच्या सरदाराचा हा धाकटा मुलगा. वडिलांची जमीन वाट्याला येण्याची आशा नव्हती. मग उत्तर फ्रान्समधल्या नॉर्मंडीत, तांकारव्हिलच्या नातेवाइकाच्या गढीत, घोड्यांची निगा राखत तो युद्धविद्या शिकला. ११६६च्या सुमारास कमरेला तलवार बांधून त्याला नाइट केलं, आणि लगेच पहिली लढाई आली. पोरगा जिवावर उदार होऊन लढला. घोडा मात्र मेला.

रात्री मेजवानीत एका बड्या सरदारानं त्याची फिरकी घेतली: ‘घोड्याच्या सामानातला एखादा जुना पट्टा तरी मला भेट दे!’ पट्टा कुठला? शत्रूला जिवंत धरायचं, त्याचा घोडा न्यायचा, सुटकेचे पैसे घ्यायचे, हे याला सुचलंच नव्हतं. शेवटी नाइट होताना मिळालेला झगा विकून त्यानं एक साधं ओझ्याचं घोडं घेतलं.

हा धडा तो विसरला नाही. तेव्हाच्या टूर्नामेंट म्हणजे दोघांनी समोरासमोर भाले रोखणं नव्हे. शेताशिवारांतून दिवसभर चाललेली झुंडीची मारामारी. हरलेल्याचा घोडा आणि चिलखत जिंकणाऱ्याचं. एका जोडीदाराबरोबर भागीदारी करून मार्शलनं दहा महिन्यांत १०३ नाइट पकडले म्हणे. ‘म्हणे’ अशासाठी, की हे सांगणारं दीर्घकाव्य त्याच्या मुलानंच लिहवून घेतलं होतं! प्लर गावी तर बक्षीस द्यायला लोक त्याला शोधत आले, तेव्हा स्वारी लोहाराकडे ऐरणीवर डोकं टेकून बसलेली. ठोसे खाऊन चेपलेलं शिरस्त्राण निघतच नव्हतं.

चर्चनं ११३०पासून या खेळांवर बंदी घातली होती. ती कोण पाळतो?

हाच मार्शल पुढे एका श्रीमंत वारस मुलीशी लग्न करून पेम्ब्रोकचा अर्ल, म्हणजे बडा सरदार, झाला, आणि १२१६मध्ये इंग्लंडचा नऊ वर्षांचा राजा तिसरा हेन्री याचा राज्यपालक. सत्तरीच्या घरात असताना इंग्लंडमधल्या लिंकन शहराच्या लढाईत तो स्वतः घोड्यावर होता.

१२१९मध्ये मरणशय्येवर असताना त्याला बजावण्यात आलं, की लुटलेलं परत केल्याशिवाय मुक्ती नाही. म्हातारा म्हणाला, मी पाचशे नाइट पकडले, त्यांचे घोडे आणि शस्त्रं घेतली. त्यापायी स्वर्गाचं दार बंद होणार असेल तर होवो, आता मी काय परत करणार?