मीटर किती झालंय?

[पुण्यातला एक पेट्रोल पंप. सकाळचे साडेआठ. दुचाकींची रांग.]

"झिरो बघा," पंपावरचा मुलगा सवयीनं म्हणतो. आपण झिरो बघतो, पैसे देतो, झाकण लावतो. आज मात्र रांगेच्या कडेला गळ्यात ओळखपत्र अडकवलेली एक मुलगी उभी आहे. तिला पंपाच्या मीटरशी देणंघेणं नाही. ती गाडीच्या मीटरवर वाकते. "मीटर किती झालंय? गाडी कुठल्या सालची? लिटरला किती देते?" तीन प्रश्न, अर्धं मिनिट, पुढची गाडी.

काहीजण उत्तर देतात. काहीजण हॉर्न.

शहराची वाहतूक किती हरितगृह वायू सोडते, याचा हिशोब अशाच प्रश्नांवर उभा राहतो.

[डिकीतून काढलेली पीयूसीची चिठ्ठी.]

"पण पीयूसी आहे की!" असं कुणी म्हणेल. आहे. पेट्रोलच्या गाडीसाठी त्यात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन बघतात, डिझेलच्या गाडीचा काळा धूर बघतात. फुप्फुसांसाठी ते महत्त्वाचंच. पण पृथ्वी तापवणाऱ्या कार्बन डायऑक्साइडसाठी त्या चिठ्ठीवर पास-नापास नाही. इंजिन जितकं चोख, तितका इंधनातला कार्बन पुरता जळून कार्बन डायऑक्साइड होणार. पीयूसीत पहिला नंबर काढणारी गाडीही त्यातून सुटत नाही.

मग प्रत्येक सायलेन्सरला नळी लावायची? गरज नाही. टाकीत जेवढा कार्बन गेला, तेवढाच बाहेर येणार. एक लिटर पेट्रोलचं वजन साधारण ७५० ग्रॅम, त्यातला सुमारे ६४० ग्रॅम कार्बन. जळताना १२ ग्रॅम कार्बन हवेतला ३२ ग्रॅम ऑक्सिजन ओढून घेतो आणि ४४ ग्रॅम वायू होतो. म्हणून पाऊण किलो पेट्रोल आत जातं आणि २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. डिझेलचा आकडा लिटरला २.७ किलोच्या आसपास, सीएनजीचा किलोला तेवढाच.

समजा, सहा वर्षांच्या स्कूटरचं मीटर ३०,००० दाखवतं. वर्षाला ५,००० किलोमीटर. लिटरला ४५ धरले तर १११ लिटर पेट्रोल, म्हणजे अडीचशे किलो वायू. स्कूटरचं स्वतःचं वजन एकशे दहा किलोच्या आसपास असतं.

इथपर्यंत रसायनशास्त्र आहे, वाद नाही. वाद शहराच्या वेशीवर सुरू होतो.

[बांद्याच्या पुढे, गोव्याच्या हद्दीतला पंप. एमएच-०७ पाटीच्या गाड्या.]

सगळ्यात सोपी पद्धत अशी की शहरात विकलं गेलेलं इंधन मोजा आणि गुणा. देशासाठी ही पद्धत उत्तम. पण सिंधुदुर्गातला माणूस पेट्रोल स्वस्त पडतं म्हणून गोव्यात टाकी भरतो आणि गाडी सावंतवाडीत फिरवतो. विक्री गोव्याच्या खात्यात, धूर आपल्या. उलट कात्रजच्या बाह्यवळणावरून बंगळूरकडे निघालेला ट्रक पुण्यात थेंबभरही डिझेल न घेता पुण्याच्या हवेत धूर सोडून जातो. तो कुणाच्या नावावर मांडायचा?

शहरांच्या हिशोबासाठी २०१४ साली एक जागतिक नियमावली आली. हद्दीत जे जळलं ते मोजा. किंवा वेस ओलांडणारी फेरी दोन्ही टोकांना निम्मी-निम्मी वाटा. किंवा रहिवाशांचा प्रवास मोजा, मग तो कुठेही होवो. किंवा इंधनविक्री धरा. चारही रस्ते तिला मान्य आहेत. पद्धत बदलली की त्याच शहराचा आकडा बदलतो. म्हणून दोन शहरांची तुलना छापणाऱ्या बातमीत आधी पद्धत शोधावी. बहुतेकदा ती दिलेलीच नसते.

मुंबईचा हवामान कृती आराखडा मार्च २०२२ मध्ये आला. त्यात २०१९ सालचं शहराचं उत्सर्जन २ कोटी ३४ लाख टन मांडलंय आणि त्यात वाहतुकीचा वाटा २० टक्के. कुठल्याही चौकात बसवलेल्या यंत्रानं हा आकडा दिलेला नाही. तो हिशोबातून आला आहे.

हिशोबाला किलोमीटर लागतात, आणि खरी पंचाईत तिथेच आहे. आरटीओच्या नोंदीत गाडी जन्मते, पण सहसा मरत नाही. भंगारात गेलेली, गावी चुलतभावाला दिलेली, सोसायटीत चाकं बसून गंजत पडलेली, सगळ्यांची नोंद जागेवरच. ती यादी सरसकट धरली तर शहर भलतंच फिरताना दिसेल. म्हणून पंपावर उभं राहायचं. पंपावर येते ती गाडी नक्की चालते.

[पुण्याची शहर बस, म्हणजे पीएमपी, स्वारगेट. दाराला लोंबकळणारी माणसं.]

आता बस. सीएनजीची बस किलोला तीन किलोमीटर देते असं धरू. म्हणजे किलोमीटरला ९०० ग्रॅम. आत ४५ माणसं असतील तर माणशी २० ग्रॅम. स्कूटरवर एकटा बसलेला ५० ग्रॅम सोडतो, लिटरला १५ देणाऱ्या कारमधला एकटा दीडशे. पण हीच बस रात्री पाच माणसं घेऊन निघाली की माणशी १८० ग्रॅम, कारपेक्षाही जास्त! आणि माणसं मोजायची कशी? कंडक्टरच्या मशीनमध्ये तिकिटाचा टप्पा नोंदतो, पण पासवाला नुसता पास दाखवून आत सरकतो. डेपोतून पहिल्या थांब्यापर्यंत रिकामी धावणारी बसही गॅस जाळतेच.

[भेकराईनगर डेपो. चार्जिंगला लागलेल्या बस.]

२०१९ पासून पुण्यात विजेच्या बस धावताहेत. सायलेन्सरच नाही, म्हणजे शून्य? किलोमीटरला सव्वा युनिट वीज धरा. आपल्या ग्रीडमधल्या, म्हणजे वीजपुरवठ्याच्या जाळ्यातल्या, एका युनिटमागे ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो. गुणाकार पावणेनऊशे ग्रॅमवर जातो, जवळपास सीएनजीइतकाच. धूर चंद्रपूर-कोराडीसारख्या ठिकाणच्या चिमण्यांतून निघतो, एवढाच फरक? नाही. विजेच्या या बसला वातानुकूलन आहे, त्याची वीजही या हिशोबात आली. सीएनजीतून न जळता निसटणारा मिथेन आपण धरलेला नाही, आणि शंभर वर्षांच्या हिशोबात तो कार्बन डायऑक्साइडच्या २७ ते ३० पट तापवतो. शिवाय ग्रीडमध्ये सौरऊर्जा वाढत गेली की तीच बस आपोआप स्वच्छ होत जाते. सीएनजीच्या बसला ती सोय नाही.

उसाचंही एक कलम आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असेल, तर त्याचा कार्बन उसानं हवेतूनच घेतला म्हणून तो वाहतुकीच्या बेरजेत धरत नाहीत, वेगळा दाखवतात. उसाच्या खताचा आणि शेतातल्या पाण्याच्या पंपाच्या विजेचा हिशोब दुसऱ्या वहीत.

[सिंहगड. ढग.]

मग थेट हवाच मोजली तर? सिंहगडावर पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं २००९ पासून हवेचे नमुने घेतले आहेत. पण त्या हवेत रानाचा श्वास आहे, पाऊस आहे, समुद्रावरून आलेले वारे आहेत. स्वारगेटची कोंडी त्यातून वेगळी काढता येत नाही.

[पुन्हा पंप. ऊन चढलंय.]

"मीटर किती झालंय?"

"केबल तुटलीय, ताई. दोन वर्षं झाली."

ती रकान्यात 'बंद' लिहिते. या गाडीला बाकीच्यांची सरासरी लागेल. मागून हॉर्न वाजतो.

"झिरो बघा."